अभिनयाचं डेमो रील घरच्या घरी: कोल्हापूरच्या नटनट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेमो रील म्हणजे काय? इन्स्टाग्रामवर माझी भरपूर रील्स आहेत, तीच पाठवली तर?

नावात रील असलं तरी दोन्हींचा संबंध नाही. डेमो रील, ज्याला मुंबईत बरेच जण शोरील म्हणतात, ते नट निवडणाऱ्यांच्या एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असतं: या माणसाला उद्या कुठल्या भूमिकेत उभं करता येईल? दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवलेले व्हिडिओ, नाच, स्लो मोशनमधलं चालणं यातून ते उत्तर मिळत नाही. तुमचा चेहरा, तुमचा खरा आवाज आणि समोरच्याचं ऐकताना तुमच्या डोळ्यांत काय होतं, एवढंच बघायचं असतं.

आणखी दोन गोष्टींशी गल्लत होते. नाव, वय, उंची, भाषा सांगून डावी-उजवी बाजू दाखवायची तो परिचयाचा व्हिडिओ, आणि दिलेल्या संवादावर करून पाठवायची ती ऑडिशन. तिन्ही फाइली वेगळ्या ठेवा. परिचय रीलला जोडू नका.

किती लांब असावं?

पहिलं रील ६० ते ९० सेकंद. बऱ्यापैकी काम झालेलं असेल तर दोन मिनिटं, त्यापुढे नाही. सुरुवातीला नावाची पाटी तीन सेकंद आणि लगेच चेहरा. पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही दिसला नाहीत, बोलला नाहीत, तर बघणारा पुढच्या फाइलवर जातो. ९० सेकंद भरत नाहीत म्हणून कमी प्रतीचा प्रवेश आत घालणं ही नेहमीची चूक. ५० सेकंदांचं चांगलं रील ५० सेकंदांचंच राहू द्या.

एकही मालिका किंवा सिनेमा केलेला नाही. मग दाखवायचं काय?

स्वतः लिहून चित्रित केलेले दोन किंवा तीन छोटे प्रवेश, प्रत्येकी २५ ते ४० सेकंदांचे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र कुठल्या तरी मालिकेतलं काम आहे असा आव आणू नका. खोटं बोधचिन्ह, खोटी श्रेयनामावली लगेच ओळखू येते.

प्रवेश निवडताना आरशात बघा आणि मनाला न पटणारी गोष्ट कबूल करा: अनोळखी माणूस तुम्हाला पहिल्या नजरेत काय समजेल? बँकेतला कारकून, तालमीतला पैलवान, कॉलेजची हुशार मुलगी, पोलीस शिपाई, धाकटी सून? पहिला प्रवेश त्याच भूमिकेचा. दुसरा त्याहून वेगळा, पण न पटण्याइतका लांबचा नको.

राज्य नाट्य स्पर्धेतल्या आमच्या प्रयोगाचं चित्रण आहे. ते वापरू का?

शक्यतो नको. मागच्या रांगेतून घेतलेल्या चित्रात चेहरा नखाएवढा दिसतो, आवाज सभागृहात घुमलेला असतो. आणि मोठी अडचण वेगळीच: केशवराव भोसले नाट्यगृहासारख्या मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकलेला आवाज, भुवया आणि हात कॅमेऱ्यासमोर तीन पटींनी मोठे वाटतात. बघणाऱ्याचं मत होतं की याला कॅमेरा कळत नाही. नाटकाचा अनुभव बायोडेटात लिहा, तिथं त्याला मान आहे. रीलसाठी त्याच नाटकातला तुकडा घरात, समोरचा माणूस चार फुटांवर बसलाय असं धरून, हळू आवाजात नव्यानं चित्रित करा.

गाजलेल्या सिनेमातला प्रवेश केला तर चालेल का?

बघणाऱ्याच्या डोक्यात मूळ नट बसलेला असतो आणि तुलनेत तुम्ही हरता. हक्कांचा प्रश्न आहे तो वेगळाच. स्वतः लिहा. पटकथेच्या मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून अर्ध्या पानावर थांबा.

लिहिताना बहुतेक जण दवाखाना, मरणशय्या आणि आईची शपथ इथं पोचतात. रडणं दाखवायचा मोह आवरा. लहानसा व्यवहार आणि त्याखाली दडलेलं काहीतरी, हे कॅमेऱ्याला जास्त आवडतं. उदाहरणार्थ, मेहुणा दाजींकडं पैसे मागायला आलाय:

— दाजी, चहा नको. बसत न्हाई.
— बस की. ऊसबिल आलं?
— त्येच्यासाठीच आलोय. अजून न्हाई आलं.
— (थांबून) किती पायजेत?
— ...दीदीला सांगू नका फक्त.

यात मेहुण्याची भूमिका तुमची असेल तर सगळा खेळ "किती पायजेत?" ऐकल्यानंतरच्या दोन सेकंदांचा आहे. ते दोन सेकंद कापू नका.

कोल्हापुरी बोलावं की प्रमाण मराठी?

दोन्ही. एक प्रवेश बोलीत, एक प्रमाण भाषेत. इथल्या मुलांना एक सोय आहे: कोल्हापूरच्या पार्श्वभूमीच्या मालिका सतत निघतात आणि अस्सल बोलणारा माणूस हवाच असतो. पण केवळ बोलीतलं रील पाठवलं की शिक्का बसतो आणि पुण्यातल्या वकिलाच्या भूमिकेला तुमचं नाव कुणी सुचवत नाही.

बोली वापराल ती घरात बोलता तीच. दर वाक्याला "नाद खुळा" आणि "भावा" पेरलं की ते मुंबईत बसून लिहिलेलं वाटतं. खरी बोली वाक्याच्या शेवटच्या "की" मध्ये असते, "करालोय", "जेवालोय" मध्ये असते, बाई "मी जातो, मी आलो" म्हणते त्यात असते. हे शेवटचं बाहेरच्या दिग्दर्शकाला चूक वाटू शकतं. वाटू द्या, विचारलं तर सांगता येतं.

प्रमाण भाषेच्या प्रवेशात "ण" आणि "न", "ळ" आणि "ल" तपासून घ्या. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही. हिंदी मालिकांकडं पाठवणार असाल तर हिंदीचं रील वेगळं करा. एकाच रीलमध्ये तीन भाषांची भेळ नको.

कॅमेरा भाड्यानं आणावा लागेल का?

बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार करून सिनेमा काढला तो याच गावात. तुमच्या खिशातला फोन त्याहून बराच पुढचा आहे. भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर तो चालवणारा माणूसही लागतो, आणि त्याला सुंदर चित्र हवं असतं. तुम्हाला हवा असतो चेहरा.

फोनची मांडणी अशी करा:

मागचा मुख्य कॅमेरा वापरा, सेल्फीचा नाही. लेन्स पुसा, तेलकट बोटांमुळे दिव्याभोवती धुकं दिसतं आणि लोक फोनला दोष देतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर. तुमच्यापासून पाच-सहा फूट लांब. दीड फुटावर ठेवला तर नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे दिसतात. लांब ठेवल्यावर चौकट मोठी वाटते, म्हणून टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी) लेन्स असेल तर ती घ्या, नसेल तर ४के मध्ये चित्रित करून एडिटिंगमध्ये जवळ आणा. अंतिम रील १०८०पी, म्हणजे ४के च्या निम्म्या लांबी-रुंदीचं असल्यानं दुपटीपर्यंत जवळ आणलं तरी चित्र फुटत नाही. ४के ला जागा बरीच लागते, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) घेतल्या तर मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास, तेव्हा आधी फोन रिकामा करा.

फ्रेम सेकंदाला २५ ठेवता आल्या तर उत्तम, शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/६० असेल तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या साध्या ॲपमध्ये शटर बदलता येत नसेल तर मॅन्युअल नियंत्रण देणारं ॲप घ्या, नाहीतर दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात काम करा. सूर्याला हर्ट्झ नसतात.

चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा. नाहीतर तुम्ही हात हलवला की चित्र उजळतं, मग काळवंडतं. एचडीआर (उजेड-सावली आपोआप जुळवणारी सोय) बंद. एन्कोडिंग (व्हिडिओ साठवायची पद्धत) एच.२६४ वर ठेवा, एडिटिंगला त्रास कमी होतो. फोन फ्लाइट मोडवर. चांगल्या टेकच्या मध्येच मामाचा फोन येतो, हा नियमच आहे.

लाइट कुठले घ्यावेत?

एक मोठी खिडकी आणि थर्माकोलचा एक पांढरा शीट. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, तिच्याकडं थोडं तिरकं बसा. दुसऱ्या गालाकडून थर्माकोल दोन-तीन फुटांवर उभा करा, सावली मऊ होते. ऊन थेट आत येत असेल तर पांढरी पातळ चादर किंवा धोतर खिडकीवर ताणून लावा. घरातले बल्ब आणि ट्यूब बंद. पिवळा बल्ब आणि निळसर उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा आजारी दिसतो आणि तो रंग नंतर दुरुस्त होत नाही.

मागची भिंत पाठीपासून पाच फूट तरी लांब. आपल्याकडच्या गुलाबी, पोपटी ऑइलपेंटच्या भिंती चमकतात आणि रंग चेहऱ्यावर फेकतात. त्यावर राखाडी किंवा गडद निळी साधी चादर इस्त्री करून लावा. चुरगळलेली चादर नटापेक्षा जास्त बोलते. कॅलेंडर, ट्रॉफ्या, फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड छान मऊ मिळतो, पण तो दर पाच मिनिटांनी बदलतो, तेव्हा एक प्रवेश सलग उरका.

आवाज घुमतो, मागं खरखर येते. काय चुकतं?

सगळ्यात जास्त रील्स इथंच पडतात. धूसर चित्र माणूस सहन करतो, पण न कळणारा संवाद ऐकायला कुणी थांबत नाही.

पहिलं, फोनचा माइक पाच फुटांवर असतो, त्यामुळे तो तुमच्याआधी खोली ऐकतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजार-दीड हजारांच्या आत मिळतो. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यभागी लावा. सिल्क, नायलॉन आणि कडक खादी माइकला घासते. सुती कपडा बरा. मंगळसूत्र, साखळी माइकवर आपटणार नाही हे बघा.

वायरच्या माइकची पिन नीट बघा. तीन काळ्या रेघांची पिन फोनला चालते, दोन रेघांची कॅमेऱ्याची असते आणि फोन ती ओळखत नाही. माइक जोडलेला दिसतो, पण रेकॉर्ड होतो फोनचाच आवाज. खात्री करण्यासाठी चाचणीचं रेकॉर्डिंग चालू करून नखानं माइकवर टकटक करा, मग फोनवर. ऐकताना माइकची टकटक मोठी यायला हवी. गोल जॅक नसलेल्या फोनला यूएसबी-सी चा कन्व्हर्टर लागतो.

दुसरं, खोली. टाळी वाजवा, मागून टणटणीत नाद आला तर तिथं बोलू नका. फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात. घरातल्या वाकळा काढा: एक पायाखाली, दोन दोरीवर कॅमेऱ्याच्या मागं, एक बाजूला, चौकटीच्या बाहेर. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाटसुद्धा काम करतं.

तिसरं, यंत्रं. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा विसर पडतो, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर पडायच्या वेळी आठवण होतेच. घंटागाडीची वेळ, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, शाळा सुटायची वेळ माहीत करून घ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात चित्रण विसरा. गणपतीच्या दिवसांत तर नकोच. सकाळी सात ते नऊ ही वेळ बहुतेक पेठांमध्ये त्यातल्या त्यात बरी, उजेडही चांगला.

रेकॉर्डिंगच्या मीटरवर संवादाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. ओरडण्याच्या वाक्यावर आवाज फुटला तर तो नंतर सांधता येत नाही, म्हणून सगळ्यात मोठं वाक्य आधी बोलून पातळी ठरवा. शेवटी तीस सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली भगदाडं तिनंच बुजतात.

रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर चित्रित केलं तर भारी दिसेल ना?

दिसेल, पण रंकाळा. तुम्ही नाही. संध्याकाळी गावाकडच्या काठावर तळ्याकडं पाठ करून उभं राहिलं की मावळता सूर्य थेट पाठीमागं येतो आणि चेहरा काळा पडतो. फोनला चेहरा उजळायला सांगितलं तर आकाश पांढरं होतं. सकाळी तिथंच उजेड चेहऱ्यावर येतो, पण वारा आणि फिरायला आलेली माणसं असतात. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी लावा, साधा स्पंज बाहेर पुरत नाही.

पन्हाळा पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड, लाइट मांडून चित्रण करायला आगाऊ परवानगी लागते. मोरेवाडीच्या चित्रनगरीत रीतसर परवानगी आणि भाडं भरून जागा मिळते. ४० सेकंदांच्या प्रवेशाला तो खर्च करण्यात अर्थ नाही. मित्राचं दुकान, गच्ची, बंद पडलेलं गुऱ्हाळ, जिन्याखालची जागा बघा.

समोर कोण बोलणार? किती शॉट घ्यायचे?

समोरचा माणूस नट असलाच पाहिजे असं नाही, पण त्यानं वाचताना घाई करू नये. तो लेन्सच्या अगदी कडेला, डोळे लेन्सच्याच उंचीवर येतील असा बसवा. तो तीन फूट बाजूला बसला तर तुमचा एकच डोळा दिसतो. थेट लेन्समध्ये बघू नका, तो परिचयाच्या व्हिडिओचा प्रकार.

आधी एकदा दोघांचा रुंद शॉट, मग तुमचा छातीपासून वरचा शॉट तीन-चार वेळा, मग समोरच्याच्या खांद्यावरून तुम्ही. जवळच्या शॉटमध्ये समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडू नका; दोन आवाज एकमेकांवर चढले की ते कापता येत नाहीत. चहाचा कप कुठल्या शब्दावर उचलला ते लिहून ठेवा. शॉट बदलल्यावर कप हातातून नाहीसा झाला की बघणारा अभिनय सोडून कपच शोधतो. सहाव्या टेकनंतर सुधारणा होत नाही, थांबा आणि नाश्ता करा.

समोरचा तुमच्यापेक्षा फार सुरेख काम करत असेल तर रीलमध्ये त्याची पाठच दिसू द्या. हा स्वार्थ इथं क्षम्य आहे.

कपडे, मेकअप?

साधे, एकरंगी, भूमिकेला जवळचे. बारीक चौकडी आणि रेघा फोनच्या चित्रात लुकलुकतात. पांढरंशुभ्र टाळा. चेहऱ्याला चमक आली तर टिश्यूनं टिपा, पावडरचा थर नको. दोन प्रवेशांत कपडे आणि केस वेगळे ठेवा, नाहीतर एकच प्रवेश चाललाय असं वाटतं.

मालिकेत दोन दिवसांचं छोटं काम केलंय. ते दृश्य कसं मिळवू?

चित्रणाचे हक्क निर्मात्याचे असतात. प्रोडक्शनला प्रक्षेपणानंतर लेखी विनंती करा: भागाचा क्रमांक, तुमची भूमिका, फक्त वैयक्तिक रीलसाठी हवं आहे. प्रक्षेपणाआधी मागू नका, आणि न दाखवलेला भाग कुठंही टाकू नका. पुढचं काम त्यानं जातं. टीव्हीच्या पडद्याचं फोननं केलेलं चित्रण उपयोगाचं नसतं. गर्दीत उभं असल्याची दृश्यं घेऊ नका. एक वाक्य असलं आणि त्यात चेहरा स्पष्ट असला, तर मात्र ते पहिल्यांदा लावा.

एडिटिंग कशात करू?

संगणक असेल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरून उरते. १६ जीबी रॅम असली तर सुखाचं. फोनवरच करायचं तर व्हीएन चालतं. काही ॲपच्या मोफत आवृत्तीत कोपऱ्यात शिक्का येतो, काम सुरू करण्याआधीच पाच सेकंदांची फाइल बाहेर काढून तपासा.

सगळ्यात चांगला तुकडा पहिला. कालक्रम, भूमिकांची उतरंड असलं काही नको. सुरुवातीचे झपाझप बदलणारे शॉट, ढोलाचं संगीत, उडत येणारी अक्षरं काढून टाका. संगीत लावलंत तर संवाद दबतो आणि यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो. दर प्रवेश वाक्याच्या मध्ये सुरू झाला तरी चालेल. दार उघडून आत येणं, बसणं, "काय म्हणतोस" हे सगळं कापा. शेवटी नाव आणि संपर्क चार सेकंद.

मग आवाज पूर्ण बंद करून एकदा बघा: नुसत्या चेहऱ्यावरून काय चाललंय ते कळतं का? नंतर डोळे मिटून एकदा ऐका.

सुरुवातीला जुळणारे ओठ आणि आवाज शेवटी वेगळे होतात. का?

फोन प्रत्येक सेकंदाला नेमक्या तितक्याच फ्रेम घेत नाही, थोड्या कमी-जास्त करतो. एडिटिंगचा प्रोग्राम मात्र ठरलेली गती धरतो, म्हणून लांब टेकमध्ये अंतर वाढत जातं. उपाय: सगळ्या फाइली हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून काढा, तिथं फ्रेमची गती स्थिर निवडा, मग एडिटिंगला घ्या. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल तर तो ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि प्रत्येक टेकच्या आधी चौकटीत टाळी वाजवा.

फाइल कशी काढायची, कशी पाठवायची?

एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट). या हिशोबानं ९० सेकंदांची फाइल साधारण ११० एमबी होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि चेहरा चिखलासारखा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरी लिंक: यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) ठेवा, प्रायव्हेट ठेवलं तर समोरच्याला दिसत नाही. ड्राइव्हवर असेल तर लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल अशी परवानगी द्या आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणाऱ्या लिंकवर कुणी वाट बघत बसत नाही.

फाइलच्या नावात तुमचं नाव आणि वर्ष. "फायनल नवीन २" असल्या नावाच्या फाइली नट निवडणाऱ्यांकडं शेकड्यांनी पडून असतात.

कोल्हापूर लिहिलं तर मुंबईवाले टाळतील का?

खोटा मुंबईचा पत्ता दिलात आणि दुपारी चारला अंधेरीत बोलावलं तर काय कराल? "सध्या कोल्हापूर, आदल्या दिवशी कळवलं तर सकाळी मुंबईत" एवढं लिहा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोचवते, हे त्यांनाही माहीत असतं. शिवाय चित्रण कोल्हापूर परिसरात असेल तर राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो म्हणून इथलेच नट आधी बघितले जातात.

रील बघून फोन आला, पण निवड पक्की करण्यासाठी पैसे मागतायत.

देऊ नका. ऑडिशनला, नोंदणीला, "कार्ड काढायला" नटाकडून पैसे घेणं ही काम देण्याची पद्धत नाही. आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा, मग भूमिका पक्की, हाही त्यातलाच प्रकार. निर्मितीसंस्थेचं नाव विचारा आणि त्यांच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. आधार कार्ड, बँकेचा तपशील करार हातात येईपर्यंत पाठवायचा नाही.

रील कधी बदलायचं?

दाढी वाढवली, केस कापले, दहा किलो वजन उतरलं की लगेच. बोलावल्यावर रीलमधला माणूस दारात उभा राहिला पाहिजे. नाहीतर नवं काम मिळालं की त्यातला तुकडा पुढं लावा आणि घरी केलेला सर्वांत कच्चा प्रवेश काढा. मूळ फाइली मात्र पुसू नका. एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. फोन बिघडला तर हातात उरते ती यूट्यूबवरची दाबलेली प्रत, आणि तिच्यातून नवं रील कापता येत नाही.